शेतकरी बाईचे हृदय आणि रोजचे ओझे



हृदयविकार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शहरातला, पोट सुटलेला, गादीवर बसून काम करणारा मनुष्य येतो. पहाटे उठून गोठा झाडणारी, डोक्यावरून सरपणाचा भारा आणणारी, दिवसभर वाकून भांगलण करणारी बाई डोळ्यांपुढे येत नाही. "ती राबते, तिला कसला हृदयविकार?" असे आपण धरून चालतो. हा समज धोक्याचा आहे. कामाने शरीर कणखर होते हे खरे. परंतु कामाला विसावा नसेल आणि त्याच्या जोडीला कर्जाची धास्ती, मनात दाबलेले दुःख आणि घरात शब्दाला किंमत नसणे हे सारे असेल, तर तेच शरीर आतून झिजत जाते.

आजच्या पाठात चार गोष्टी पाहू. ताणाने हृदयाला इजा कशी होते, अभ्यासातून काय दिसून आले आहे, खेड्यातल्या बाईवर हे ओझे कुठून येते, आणि घराने व गावाने काय करावे.

१. ताण शरीरात काय करतो?

गवताच्या गंजीत हात घातला आणि आत साप फुसफुसला, तर काय होते? छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय थरथरतात. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या लहान ग्रंथी असतात. त्या अशा वेळी ॲड्रेनलिन नावाचा रस रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय जोराने चालते, रक्तदाब वाढतो, यकृतातली साखर रक्तात उतरते आणि जखम झालीच तर रक्त लवकर गोठावे अशी तयारी होते. पळून जाण्यासाठी हे सारे उपयोगाचे आहे. साप निघून गेला की थोड्या वेळाने शरीर पूर्ववत होते.

पण साप गंजीत नसून घरातच असला तर? दर मंगळवारी दारात येणारा हप्तेवाला, दारू पिऊन येणारा नवरा, न पिकलेले शेत, मुलीच्या लग्नाची चिंता. हा साप निघून जात नाही. मग रक्तदाब चढलेला राहतो, साखर वाढलेली राहते, कॉर्टिसॉल नावाचा दुसरा रसही जास्त प्रमाणात वाहत राहतो आणि झोप उडते. वर्षानुवर्षे असे चालले की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचे आतले अस्तर खराब होते. तेथे चरबीचे थर बसतात आणि एखाद्या दिवशी त्यावर रक्ताची गुठळी होऊन वाट बंद होते. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

बैलाचे उदाहरण घ्या. दिवसभर नांगर ओढला तरी संध्याकाळी आपण त्याचे जू उतरवतो, पाणी दाखवतो, वैरण घालतो. बेंदराला त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळतो. जू न उतरवता बैल रात्रभर बांधला तर तो किती दिवस टिकेल, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आपल्या घरातल्या बाईचे जू संध्याकाळी उतरते का, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

२. अभ्यासातून काय दिसले?

ताणाने हृदयविकार होतो ही नुसती समजूत आहे की त्याला पुरावा आहे? पुरावा आहे. कॅनडातले डॉक्टर सलीम युसुफ यांच्या पुढाकाराने भारतासह ५२ देशांत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे नाव इंटरहार्ट. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या ताणाविषयीच्या भागात पहिला झटका आलेल्या ११ हजारांहून अधिक रोग्यांची तुलना १३ हजारांहून अधिक निरोगी लोकांशी केली होती. घरचा किंवा कामाचा ताण सतत असल्याचे ज्यांनी सांगितले, त्यांच्यात झटक्याचा धोका ताण नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळला. पैशाची तीव्र ओढाताण आणि खिन्नता यांनीही धोका वाढलेला दिसला. हे पुरुषांत दिसले तसेच स्त्रियांतही दिसले.

दुसरा अभ्यास इंग्लंडमधला आहे. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या १७ हजारांहून अधिक पुरुष नोकरांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. साहेबाच्या डोक्यावर जबाबदारी मोठी, म्हणून हृदयविकार साहेबालाच अधिक होणार, अशी सर्वांची कल्पना होती. निघाले उलटे. सर्वांत खालच्या पायरीवरच्या नोकरांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून जास्त होते. बिडी-सिगारेट, रक्तदाब वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही हा फरक पुरता भरून निघाला नाही. १९८५ पासून याच कचेऱ्यांत स्त्रियांनाही घेऊन दुसरा अभ्यास सुरू झाला. ज्यांना आपल्या कामाबाबत काही ठरवण्याची मोकळीक नाही, त्यांना हृदयविकार अधिक होतो, असे त्यात दिसले. यातून शिकण्यासारखे हे की नुसते काम जड असणे वेगळे आणि काम जड असून त्यावर आपला काही अधिकार नसणे वेगळे. घरातली सून सर्वांत जास्त राबते आणि सर्वांत कमी ठरवते. तिची पायरी कोणती, हे आपणच पाहावे.

दुःखाचाही हृदयावर थेट घाव बसतो. अमेरिकेत झटका आलेल्या १,९८५ रोग्यांची चौकशी करून २०१२ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जवळचे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत झटक्याचा धोका एरवीच्या २१ पट होतो, आणि पुढे तो दिवसादिवसाने उतरत जातो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये आणखी एका विकाराचे वर्णन केले. मोठा मानसिक धक्का बसल्यावर हृदयाचा खालचा भाग एकाएकी फुगून दुबळा होतो. दुखणे झटक्यासारखेच असते, पण धमनीत गुठळी सापडत नाही. हा विकार होणाऱ्यांत दहांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि बहुतेक पाळी गेलेल्या वयाच्या. वेळीच उपचार झाले तर बहुतेक जणी काही आठवड्यांत बऱ्या होतात. तेव्हा "दुःखाने छाती फुटली" हे आपल्या आयाबायांचे बोलणे अगदीच अलंकारिक नाही.

३. बाईवर ओझे कुठून येते?

(अ) न संपणारे काम. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-पाहणीत असे आढळले की घरकाम करणारी खेड्यातली बाई त्यात दिवसाला सरासरी ३०१ मिनिटे, म्हणजे पाच तास घालवते. घरकामाला हात लावणारा खेड्यातला पुरुष त्यात ९८ मिनिटे घालवतो. मुळात असा हात लावणारे पुरुषच थोडे. २०२४ च्या पाहणीत देशभराचे आकडे थोडे उतरून स्त्रियांचे २८९ आणि पुरुषांचे ८८ मिनिटे झाले. शेतातली मजुरी, भात लावणी आणि जनावरांचे काम या पाच तासांत धरलेले नाही.

(आ) कर्ज. गटाचे कर्ज बहुधा बाईच्या नावावर असते. पैसा घर, शेत, आजारपण किंवा लग्न यांत जातो आणि हप्त्याची जबाबदारी तिच्यावर राहते. एकीने हप्ता चुकवला की गटातल्या बाकीच्या तिच्या दारात येतात. कर्जाबरोबर शेजारीणही दुरावते. वसुलीच्या जाचाच्या तक्रारी वाढल्यामुळे कर्नाटकात फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम निघाला. धमकी, जबरदस्ती आणि छळ करून छोट्या कर्जांची वसुली करणे हा त्यानुसार शिक्षेचा गुन्हा ठरला. ही गोष्ट प्रत्येक गटातल्या बाईला ठाऊक असली पाहिजे.

(इ) वैधव्य. नवरा गेला की दुःखाबरोबर प्रश्न उभा राहतो, "आता जमीन कुणाची?" मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला मुले असताना मिळकतीचा एक तृतीयांश वाटा मिळतो आणि उरलेला मुलामुलींत सारखा वाटला जातो. गोव्यात तेथील दिवाणी कायद्याप्रमाणे संसाराच्या मिळकतीत पत्नीचा सहसा निम्मा हिस्सा असतो. हक्क आहे, पण उताऱ्यावर नाव चढलेले नसते, आणि दिरांच्या दयेवर राहण्याची धास्ती वर्षानुवर्षे छातीवर बसते.

(ई) धूर. ओल्या सरपणाचा धूर फक्त डोळ्यांत आणि फुप्फुसांत जातो असे नाही. त्यातले सूक्ष्म कण रक्तवाहिन्यांनाही इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात घरातल्या धुरामुळे ३२ लाख माणसे दगावली. त्यांतली सुमारे एक तृतीयांश हृदयधमन्यांच्या रोगाने गेली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या खेड्यांत शंभरांपैकी फक्त ४३ घरे स्वयंपाकाला गॅससारखे स्वच्छ इंधन वापरत होती.

(उ) मिश्री. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दातांना लावली की भूक मरते आणि घटकाभर बरे वाटते. पुष्कळ बायकांना दिवसात एवढाच विसावा मिळतो. पण तिच्यातल्या निकोटिनने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. तोंडात धरलेला तंबाखू बिडीपेक्षा निर्धोक असतो असे मुळीच नाही. इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांतही झटक्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला.

(ऊ) पिशवीचे ऑपरेशन. पाळी चालू असेतो बाईच्या शरीरातल्या रसांमुळे हृदयाला थोडे संरक्षण असते. कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले तर हे संरक्षण लवकर जाते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडांत येणाऱ्या टोळ्यांत अशा बायका असतात. गरिबीचा हृदयापर्यंतचा रस्ता असा अनेक वळणांचा आहे.

ज्या बाईला गरोदरपणी रक्तदाब वाढून अंगावर सूज आली होती, तिलाही पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. बाळंतपण निभावले म्हणजे विषय संपला असे समजू नये. तिने दरवर्षी रक्तदाब तपासून घ्यावा.

४. लक्षणे ओळखा

बाईच्या झटक्यातही छातीत दुखणे, दाब येणे, आवळल्यासारखे वाटणे हेच मुख्य लक्षण असते. परंतु त्याबरोबर, आणि कधी कधी त्याच्याशिवायही, पुढील गोष्टी बायकांत अधिक दिसतात:

— जबडा, मान, खांदा किंवा पाठीत दुखणे
— थोड्या कामाने धाप लागणे
— मळमळ, उलटी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे
— दरदरून घाम आणि एकाएकी आलेला भयंकर थकवा

अशा वेळी घरात काय होते? "पित्त झाले असेल" म्हणून सोडा देतात. "पाठ भरली असेल" म्हणून तेल चोळतात. "हिला सगळ्याचेच टेन्शन" म्हणून दुर्लक्ष करतात. ती स्वतःही, दूध काढून झाले की बघू, असे म्हणते. यात जे तास जातात त्यांत हृदयाचा स्नायू मरत असतो.

अशी लक्षणे काही मिनिटांत थांबली नाहीत तर १०८ ला फोन करा. रोग्याला चालवू नका, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका. ज्या दवाखान्यात हृदयाचा आलेख (ईसीजी) निघतो तेथेच न्या. कर्नाटकात २०२३ मध्ये पुनीत राजकुमार यांच्या नावाने हृदयज्योती योजना सुरू झाली. तिच्यात अनेक तालुका व जिल्हा रुग्णालयांत आलेख काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याची सोय केलेली आहे. आपल्या सर्वांत जवळची अशी जागा कोणती, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. रात्री दोन वाजता शोधाशोध करू नये.

५. काय करावे?

"टेन्शन घेऊ नकोस" असे सांगणे हा उपाय नव्हे. भारा डोक्यावर तसाच ठेवून "ओझे वाटून घेऊ नकोस" म्हणण्यासारखे ते आहे. ओझे खरोखर उतरवले पाहिजे, आणि उतरेपर्यंत हृदयाची राखण केली पाहिजे.

घराने करावे:

(१) रक्तदाब मोजा. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही. वर सांगितलेल्या पाहणीत देशात १५ वर्षांवरच्या पाच स्त्रियांपैकी एकीचा रक्तदाब वाढलेला होता किंवा तिला त्यासाठी गोळ्या चालू होत्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब व साखर गावच्या आरोग्य उपकेंद्रात तपासण्याची सरकारी सोय आहे. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्यावर पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टरांकडे जा. प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करू नयेत.

(२) मीठ कमी करा. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढेच मीठ पुरे. लोणचे, पापड, सुके बोंबील, खारा बांगडा यांतले मीठ याच हिशेबात येते. रोजच्याऐवजी कधीतरी खा, आणि सुकी मासळी भिजवून ते पाणी टाकून द्या.

(३) धूर बाहेर काढा. चुलीला धुराडे करा, सरपण पावसाआधी वाळवून ठेवा. पाण्याचा बंब व जनावरांचे आंबोण उघड्यावर शिजवा. सिलिंडर घरात असेल तर तो पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका.

(४) कामाची वाटणी करा. पाणी भरणे, गोठा काढणे, सरपण फोडणे ही कामे पुरुषाने आणि मुलांनी घेतली तर कोणाची इज्जत जात नाही. बाईला दुपारी अर्धा तास पाठ टेकू द्या आणि रात्री सात तास झोप मिळू द्या. मिश्री सोडायला सांगण्याआधी तिला मिश्रीवाचून बसण्याची सवड द्या.

(५) हिशेब दोघांनी मिळून करा. कोणते कर्ज, किती व्याज, कोणत्या तारखेला हप्ता, हे नवराबायको दोघांनाही माहीत असावे. एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरे काढू नये. न सांगितलेल्या कर्जाची भीती सांगितलेल्या कर्जापेक्षा मोठी असते.

गावाने करावे:

(१) मयताच्या घरी जाताना विधवेच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना, तिने पाणी व चार घास घेतले ना, हे कोणीतरी एकीने पाहावे. छातीत दुखते म्हणाली तर "दुःखामुळे असेल" म्हणून सोडू नये. महिन्याची मिस्सा झाली की येणारी पावले थांबतात. तेव्हाच तिला सोबतीची खरी गरज असते. उताऱ्यावर तिचे नाव लावायला तलाठ्याकडे बरोबर जाणे हीही मोठी सोबत आहे.

(२) बचत गटाच्या बैठकीत हप्त्याबरोबर महिन्यातून एकदा रक्तदाबाची नोंद ठेवावी. यंत्र सर्वांत मिळून घेता येते आणि आशाताई ते वापरायला शिकवतात.

(३) ज्या बाईला झोप नाही, अन्नावर वासना नाही, सतत रडू येते किंवा जीव नकोसा वाटतो, तिला दोष देऊ नका. खिन्नता हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत असतो, आणि तेथे मराठीतही बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर ती घरगुती बाब म्हणून गप्प बसू नका. तो तिच्या जिवाचा प्रश्न आहे.

भगिनींनो, घरात सर्वांना वाढून उरले तर खायचे, सर्वांचे औषध आणून पैसे उरले तर आपले आणायचे, ही रीत तुम्ही आईकडून शिकलात. ती रीत प्रेमातून आली असली तरी ती मोडली पाहिजे. तुम्ही खाटेला लागलात तर गोठा, चूल, शेत आणि मुले सारेच खाटेला लागते. आणि तसे नसते तरी, तुमचा जीव हा तुमचाच आहे आणि तो जपण्याजोगा आहे.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातल्या बाईचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत तासातासाने लिहून काढा. त्यातले कोणते काम उद्यापासून दुसरा कोणी करू शकेल?

२. आपल्या वाड्यातल्या तीस वर्षांवरच्या किती बायकांनी गेल्या वर्षभरात रक्तदाब मोजून घेतला आहे? राहिलेल्यांना उपकेंद्रात कोण घेऊन जाईल?

३. रात्री छातीत दुखू लागले तर आपल्या गावातून कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वाहनाने आणि किती वेळात पोचता येईल?

४. गेल्या वर्षभरात आपल्या गावात कोण विधवा झाली? तिच्याकडे शेवटचे कोण आणि केव्हा गेले होते?